दाल्मेची हरण्याची हौस

मागावर दाल्मेचा हात धरेल अशी बाई कोरियातल्या जुन्या सिल्ला राज्याच्या राजधानीत नव्हती, आणि हेच तिचं दुखणं होतं. दर वर्षी शरदातल्या पौर्णिमेआधी महिनाभर शहरातल्या बायका दोन गटांत वाटल्या जायच्या आणि राजवाड्याच्या अंगणात तागाचं कापड विणायच्या. हरलेल्यांनी रांधायचं, वाढायचं आणि मग उठून नाचत 'होएसो, होएसो' असं ते रडवं गाणं म्हणायचं. जिंकलेल्यांनी नुसतं खायचं. दाल्मे आपली दर वर्षी खातच होती.

त्या गाण्यात असं काय आहे, की ऐकताना घास गिळवत नाही? घरी गुणगुणून बघावं तर सासू खेकसायची, "जिंकलेल्या तोंडी ते गाणं नको. घराला अवकळा येईल."

म्हणून यंदा दाल्मेबाईसाहेबांनी हात आखडता घेतला. धागा सारखा तुटायचा, आणि तो मांडीवर वळून जोडण्यात अर्धी सकाळ जायची.

"दाल्मे, बोटांना मुंग्या आल्यात का?" शेजारच्या मागावरची बोग्मे म्हणाली. "की कुणी नवा भेटलाय?"

"तुझाच नवरा भेटला होता काल. घरी करमत नाही म्हणाला."

बायका फिदीफिदी हसल्या. सासू हसली नाही. म्हातारी याच गटात होती. दातांनी ताग चिरून चिरून तिचे ओठ फाटले होते.

गट हरला. थोडक्यात हरला, म्हणजे दाल्मेच्या न विणलेल्या कापडाइतकाच. बायकांनी चुलीपुढे घाम गाळला, तांदळाच्या वड्या वाफवल्या, दारूचे रांजण वाहून आणले. मग दाल्मे सगळ्यांच्या आधी उठली, नाचली, गायली. समोरच्या बायका खाता खाता ताल धरू लागल्या.

"अगं, लग्न लागतंय का इथं?" त्यांतली एक म्हणाली. "जरा रड की."

वाढता वाढता सासूने मान वर केली. सुनेचं खुललेलं तोंड तिने नीट न्याहाळलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुला हरायचंच होतं ना? मला सांगायचं तरी. मी ओठ वाचवले असते."

गाणं अर्ध्यावर सोडायची तर सोय नव्हती. दाल्मेने पुन्हा 'होएसो' म्हटलं, आणि या खेपेला आवाज असा फाटून आला की समोरच्यांचे हात वाडग्यातच राहिले. शेजारी नाचणारी बोग्मे तर डोळे पुसायला लागली.

सासू मात्र दारू वाढत पंगतीतून पुढे गेली.