टोकन कुणाच्या हातात

हट्टा गावच्या शेतकरी कंपनीत रागिणी कामाला लागली, तेव्हा तिच्या बापानं, मसाजीनं, कळपातलं एक बोकड कापून भावकीला जेवू घातलं. मेंढरांमागं पायपीट करण्यात पिढ्या गेलेल्या घरातली पोरगी पुण्याची नोकरी सोडून आली आणि गावातच कंप्युटरसमोर बसली, ही काही लहान गोष्ट नव्हती.

कंपनी सभासदांची हळद विकायची. वारंगा फाट्याजवळच्या कारखान्यात टेम्पो घालायचा, तर आधी कारखान्याच्या कंप्युटरकडून गेटाचा नंबर घ्यावा लागे. तो आणणारा प्रोग्राम रागिणीनं लिहिला. पलीकडचा कंप्युटर दर खेपेला ओळख मागायचा. ती ओळख म्हणजे टोकन, आणि ते तासाभरात शिळं व्हायचं. नवं मागून आणणं, जपणं, शिळं व्हायच्या आत बदलणं, हा सगळा व्याप कारखान्यानंच दिलेली एक लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्राम, सांभाळायची. रागिणीनं त्या लायब्ररीला कंपनीची गुप्त चावी, म्हणजे जी दाखवली की टोकन मिळतं ती आकड्या-अक्षरांची ओळ, दिली, ती कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी ठेवली आणि निवांत झाली. इथंच चुकलं. आपल्याकडं निवांत बसलेलं माणूस फुकट पगार खातं असंच समजतात.

अध्यक्ष नरसिंगरावांना टोकन माहीत होतं ते हमीभाव केंद्रावरचं. ते ज्याच्या खिशात, त्याचा माल आधी. सोयऱ्याधायऱ्यांची सोय लावायलाही ते बरं पडे. त्यांनी रागिणीला विचारलं, आपलं टोकन कुठं आहे. लायब्ररीत, ती म्हणाली. गावातली लायब्ररी बंद पडून जमाना झाला होता, तिथं आता कोंबड्या बसत. पोरगी आपली थट्टा करते, असं नरसिंगरावांनी मनात धरलं. तिनं पुन्हा समजावलं, की टोकन हातात घ्यायची वस्तू नाही, आणि चावी तर कुणाला दाखवायचीही नसते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाय. पन अध्यक्षाच्या हाती टोकन न्हाई, तर मला अध्यक्ष काहून म्हनायचं?"

रागिणी मावसबहिणीच्या लग्नाला सेनगावला गेली आणि नरसिंगरावांनी डाव साधला. दुसऱ्या कंप्युटरवर बसणाऱ्या बालाजीला दरडावून त्यांनी ती चावी काढायला लावली. मग संचालकांच्या फोटोखाली, गुलाबाची फुलं लावून, ती सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली: कंपनीचं टोकन आलं, सर्वांनी जपून ठेवावं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि जपून ठेवण्यासाठी ती चावी गावोगाव पुढं ढकलली.

ती कुण्या व्यापाऱ्याच्या हाती लागली. त्यानं कंपनीच्या नावावर आपली भेसळीची हळद गेटात घातली. कारखान्यानं चावी रद्द केली आणि कंपनीला दार बंद केलं. सभासदांचे टेम्पो फाट्यावर उभे राहिले, वरून पावसाचं झोडपणं, पोत्यांना बुरशी.

बैठकीत रागिणीनं घडलं ते सगळं सांगितलं. फुलांचा तो फोटोही दाखवला. खरं बोललं की सुटलो, असं तिला वाटत होतं; पुण्यात राहून माणसाला असल्या सवयी लागतात. नरसिंगराव शांतपणे म्हणाले, "समदं खरं. पन टोकन सांभाळायचं काम कोनाचं होतं?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. बालाजी जमिनीकडं बघत राहिला. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरीला एवढी अक्कल कुठली, असं मागून कोणी तरी हळूच बोललं, तेही तिला ऐकू आलं. उद्यापासून येऊ नको, असा निरोप त्याच संध्याकाळी आला.

नोकरी जाण्याचं तिला फारसं वाटलं नाही. पुणं काही पळून गेलं नव्हतं. पण आपली चूक नव्हती, हे या गावानं एकदा कबूल करावं, एवढ्यासाठी ती रोज घरोघर सांगत फिरली. दोघं-चौघं विचारातही पडले होते. शेजारची पद्माबाई तर चारचौघींत म्हणाली, की पोरीवर आळ आलाय.

मग एका सकाळी मसाजी डोक्याला धुतलेला फेटा बांधून बाहेर पडला. परत आला तो हसतच.

"झालं माय तुझं काम. समद्या संचालकांपुढं हात जोडले मी. म्हनलं, लेकरू हाय, चुकलं तिचं, पदरात घ्या. घेतलं त्यायनी. उद्यापासून जा."

आता खुद्द बापानंच कबुली दिली म्हटल्यावर पद्माबाईलाही बोलायला जागा उरली नव्हती. बाप मात्र एवढा खूश होता, की त्याला हे कसं सांगावं ते रागिणीला कळेना. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली.