केबलची पट्टी

पोरगं पुण्याहून आलं की एकच घोशा लावतं, "आई, इंटरनेटचा एवढा मोठा टीव्ही घेऊन दिलाय, मग ही केबलची वायर परत कशाला ओढून घेतलीस?" या खेपेला मी त्याला पोटभर जेवू दिलं, ताट उचललं आणि मग तोंड सोडलं.

पहिली वायर यानंच काढायला लावली होती. आम्हाला विचारलंसुद्धा न्हाई. केबलवाल्याला परस्पर फोन केला आणि विषय संपवला. नव्या टीव्हीत सगळं जग दिसतंय म्हणे. दिसू दे की. आमच्या मुरुम गावात काय चाललंय ते दिसतंय का त्यात?

केबलवर आमच्या गावचा चॅनल लागतो. वर जुनापुराणा सिनेमा आणि खाली पट्टी फिरत असते. नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, कोण वारलं, माती किती वाजता. गुडघ्यानं ह्यांना घरी बसवल्यापासून ती पट्टी वाचणं म्हणजेच ह्यांचं गावात फिरणं. सकाळी चहा घेता घेता वाचायचे आणि म्हणायचे, "रिक्षा सांग, मातीला जायला पायजे." लग्न चुकलं तर चालंल, माती चुकवायची न्हाई, असा ह्यांचा नेम.

वायर गेली त्याच महिन्यात ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त वारले. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचे. त्या सकाळी आम्ही दोघं नव्या टीव्हीवर कुठल्या तरी समुद्रातले मासे बघत बसलो होतो. आठवलं की अजून डोकं फिरतं माझं. चौथ्या दिवशी दूधवाल्याच्या तोंडून कळलं.

तसंच रिक्षा करून गेलो. त्यांची बायको, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ह्यांना म्हणाल्या, "भाऊजी, आमचं काय चुकलं होतं का?"

मीच टीव्हीचं सांगितलं. सांगताना लई लाज वाटली.

वहिनी म्हणाल्या, "बाहेरगावच्यांना फोन केले. गावातल्यांसाठी पट्टीवर दिलं. म्हटलं, भाऊजी रोज वाचतात. रिक्षा मिळाली नसंल, येतीलच, म्हणून तुमच्यासाठी दोन तास माती थांबवली होती."