मीरा रोड ते ठाणे: तीन साक्षीदार आणि वाया गेलेले नऊ दिवस

मीरा रोडहून ठाण्याला कोर्ट मॅरेजसाठी कसं जायचं, हे गेल्या काही आठवड्यांत मला तीन मैत्रिणींनी विचारलं. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आता एकदाचं सगळं लिहून टाकते. प्रवास तसा तास-दीड तासाचा. आम्हाला तो पुरा करायला दोन महिने लागले.

मी मीरा रोडच्या शांती नगरची, नेल्सन जवळच्याच उत्तनचा. धर्म वेगळे, म्हणून विशेष विवाह कायद्याखाली लग्न. त्यात आधी नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. नोटीस तीन महिनेच चालते, तेवढ्यात लग्न उरकावं लागतं. हॉल आम्हाला नकोच होता. बाबांचं हृदय थकलेलं, गर्दी-दगदग नको असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आई नाराज होती. "अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. लग्न करतेयस की बँकेत खातं उघडतेयस?"

बाबा मात्र खूश. "साक्षीदार नंबर तीन मी," असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. त्यांचा हात थरथरायचा, सही दर वेळी वेगळी यायची. रजिस्ट्रार साहेबाने हरकत घेऊ नये म्हणून ते रोज सकाळी पेपरच्या कडेला, छापील मजकुराशेजारच्या कोऱ्या पट्टीत, सहीचा सराव करायचे. आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स काढून निळ्या फाइलमध्ये त्यांनी आधीच लावून ठेवल्या होत्या.

आता आमची चूक. ती तुम्ही करू नका. गिरगाव सोडून सत्तावीस वर्षं झाली तरी बाबा पत्त्यात मीरा रोडपुढे 'मुंबई' लिहायचे. "दहिसरचा नाका ओलांडला म्हणून काय मुंबई सुटते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्याच आग्रहाने आम्ही मुंबईतल्या कार्यालयाची वेळ घेतली. ती वेळ यायला नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी माझं नि नेल्सनचं आधार कार्ड पाहिलं आणि शांतपणे परत केलं.

"मॅडम, तुमचा दोघांचाही जिल्हा ठाणे. इथे नाही होणार."

"पण आम्ही मुंबईचेच आहोत," बाबा म्हणाले.

"काका, कागदावर ठाणे आहे ना."

रिक्षात बाबांनी कागद एकेक करून फाइलमध्ये परत लावले. खरं तर मी आधी चौकशी करायला हवी होती. फोन दिवसभर माझ्याच हातात असतो. पण त्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि नऊ दिवसांनी असं काय बिघडणार, असंही वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ठाणे. तुम्ही जाणार असाल तर सकाळी साडेआठच्या आत निघा. काशिमीऱ्याहून बसही मिळते, पण सोबत आजारी माणूस असेल तर सरळ कॅब करा. वरसाव्याच्या नाक्यावर अडकाल, ते गृहीतच धरा. आम्ही चाळीस मिनिटं एका कंटेनरच्या मागे उभे होतो. पुढे गायमुखच्या घाटात डाव्या हाताला खाडी दिसते, तिथे बाबांनी काच खाली घेतली. नोटीस अर्ध्या तासात देऊन झाली. वयाचा नि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि किरकोळ फी. नियम बदलत असतात, आधी फोन करून विचारा.

नंतर स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. बाबांना मनाई होती, तरी त्यांनी माझ्या वाटीतून दोन चमचे घेतले.

"मिसळ ठाण्याची बरी आहे," ते म्हणाले. "पण आईला सांगू नकोस. दोन्ही गोष्टी."

नोटिशीच्या चोविसाव्या दिवशी दुपारी बाबा गेले. खुर्चीत, पेपर मांडीवर. नऊ दिवस आधी अर्ज पडला असता तर तो दिवस तेहतिसावा असता. आमचं लग्न होऊन गेलेलं असतं आणि साक्षीदार नंबर तीनची सही झालेली असती. हे गणित मी किती वेळा केलंय ते विचारू नका.

तेरावं झाल्यावर आईच म्हणाली, नोटीस संपायच्या आत लग्न करून घ्या. "ह्यांची इच्छा होती. मी येईन, पण मागे बसेन. शुभकार्यात मला पुढे करू नका."

मी खूप भांडले. ती ऐकेना.

ठरलेल्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. साक्षीदार म्हणून नेल्सनची आई आणि इंद्रलोक भागात राहणारी माझी मैत्रीण स्नेहल आमच्याबरोबर होत्या. तिसरे नेल्सनचे मामा, ते उत्तनहून वेगळे निघाले होते. घाटात ट्रक बंद पडला आणि मामा वरसाव्याला अडकले. त्यांचा फोन आला तेव्हा आमचं नाव पुकारलं जात होतं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. साक्षीदारांपैकी पहिली सही नेल्सनच्या आईची झाली, दुसरी स्नेहलची.

"तिसरा साक्षीदार?"

"ट्रॅफिकमध्ये आहेत," नेल्सन म्हणाला.

"मग पुढची तारीख घ्या. नाहीतर बाहेर बाकावर त्या कोण बसल्यात?"

"माझी आई," मी म्हणाले.

"आधार कार्ड आहे ना? मग बोलवा त्यांना."

आई दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "मला नका सांगू. मी कशी येऊ?"

नेल्सनची आई उठली आणि तिने आईचा हात धरला. "माजा नवरा जाऊन बारा वर्सं झाली गो. मी केली ना सही? चल. पोरीचा बापूस न्हाय, तू हायस."

आई आत आली. पेन हातात घेऊन तिने सवयीने 'सौ.' लिहिलं आणि ती थबकली. चाळीस वर्षांची सवय. मला तिच्याकडे बघवेना.

"ते सौ. वगैरे आम्हाला लागत नाही," साहेब म्हणाले. ते दुसऱ्या फायली चाळत होते, त्यांनी वरही पाहिलं नाही. "ते खोडा आणि नुसतं नाव लिहा."

आईने ते अक्षर खोडलं आणि पुढे नाव लिहिलं. ज्या खोलीला ती बँक म्हणाली होती, तिथे तिला मागे बस म्हणणारं कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर मी रडले, भरपूर रडले. मामा तासाभराने पेढे घेऊन पोचले. मिसळ खायला कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी घरी आईने निळी फाइल काढली. बाबांच्या आधारच्या तीन झेरॉक्स तिने हलवल्या नाहीत, त्यांच्याच वर आमचे कागद ठेवले. रजिस्टरच्या पानाचा नेल्सनने काढलेला फोटो मी तिला दाखवला. ती चष्मा लावून तिसऱ्या सहीकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्यांची चांगली आली असती," ती म्हणाली. "किती गिरवत होते."

याला महिना झाला. रद्दीवाला दोनदा येऊन गेला. त्या दिवसांचे पेपर आईने अजून दिलेले नाहीत.