तुमी फक्त नाव सांगा

“मला समदं ठाऊक हाय, तुमी फक्त नाव सांगा.” कानावरचा पेन काढत तो एवढंच म्हणायचा. आमच्या सेलूचा वार्ताहर. छापखान्याच्या दारात त्याचं टेबल. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, नाव ऐकलं की बाकीचं हा मनानंच लिहून मोकळा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

माझी बायको गेली तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या. तिचा भाऊ झरीला. निरोप धाडायचा कसा? पेपरची जीप तेवढी चालू होती, पेपर तरी पोचेल म्हणून मी याच्याकडं गेलो. नाव सांगितलं. त्यानं लिहिलं. मला अडखळत वाचता येतं, पण मी कागद मागितलाच नाही.

छापून आलं, ‘शोकाकुल वातावरणात चितेला अग्नी देण्यात आला.’

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या हातात इष्टलिंग देतात, तसंच मातीआड करतात. याच्या प्रत्येक मयतीच्या बातमीत शेवटची ओळ मात्र तीच असायची.

गाड्या सुरू झाल्या आणि पहिल्याच गाडीनं मेव्हणा आला. हातात पेपर.

“दाजी, माझ्या बहिणीला जाळलं तुमी?”

“न्हाई रे. चल, दाखवतो.”

मातीचा उंचवटा बघून म्हणाला, “माती कुनीबी वर करतंय. ह्ये छापलंय.” भाऊबंदांनी शपथा घेतल्या. ऐकलं नाही. पाणीही न पिता गेला.

मी टेबलापाशी गेलो. “तुमी चुकलात. दुरुस्त करा.”

“आप्पा, एवढं कोन वाचतंय?”

“मेव्हण्यानं वाचलं.”

“पेपर चुकला म्हणलं तर पेपर कोन घेईल?”

“आन् माझ्या घरी कोन येईल?”

त्यानं पेन परत कानावर खोचला. मी रोज तिथं जाऊन बसायला लागलो. दुसरं काम तरी काय होतं?

एका सकाळी मातीवर बेल वाहत होतो, तर हा मागं उभा. “आप्पा, बसवतात म्हंजी कसं?” मी सांगितलं. त्याला उमगेना. मग धोतर आवरून तिथंच मांडी घातली, डावा तळवा पुढं केला. “असं?”

“पाठ सरळ करा.”

त्यानं केली. मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडूच फुटलं. तो तसाच बसून राहिला.

‘आमच्या वार्ताहराने न विचारता लिहिले, चूक झाली,’ असं छापून आलं. तो पेपर घेऊन मी झरीला गेलो. मेव्हण्यानं दोनदा वाचला. “मंग तवाचं खरं का आत्ताचं?” मी पेपर त्याच्यापाशीच ठेवून निघालो. पुढच्या सोमवारी तो बेल घेऊन आला. या वेळी पाणी प्यायला.

वार्ताहर पुढं सगळ्यांनाच विचारायचा, “तुमच्यात कसं असतं?” लोक कंटाळायचे. मी तिथंच बसलेला असायचो. त्याच्यावर राग होता की माया, अजून कळत नाही. बायकोसाठी रडायच्या दिवसांत मी याच्याशी भांडत होतो. बरं झालं का वाईट?

परवा तोच गेला. घरच्यांनी त्याच्या गावी नेलं. नवा वार्ताहर माझ्याकडं आला. “आप्पा, त्यांची बातमी करायलोय. शेवटचं कसं केलं म्हणून लिहू?”

इतकी वर्षं समोर बसलो, आणि त्याच्यात कसं करतात ते मी एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त नाव सांगितलं.

“बाकीचं त्याच्या गावी जाऊन इचार,” म्हणालो.

तो निघाला. मग मीही चपला घातल्या.