पाटल्यांचा अर्धा गाळा

नांदूरघाटला स्टँडजवळ पत्र्याचा एक गाळा आहे. खरेदीखतावर नावं दोन: उत्तरेश्वर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी छबुबाई, निम्मा-निम्मा हिस्सा. बायकोचं नाव घालण्याची कल्पना गुरुजींची नव्हे. छबुबाईंनी माहेरच्या पाटल्या मोडायला काढल्या तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "सोनं माझं जाणार, तर कागदावर मी येणार."

ते दोन हजार बारा साल. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यांकडे गेलेलं. गिऱ्हाईकच नसल्यामुळे गाळा परवडण्यासारखा झाला. दुष्काळाचे फायदे असतात, ते फक्त दुसऱ्याला होतात.

केजच्या सराफाकडे पाटल्या काही निघेनात. लग्नापासून हातातून उतरल्या नव्हत्या. शेवटी सराफाच्या बायकोनं साबण आणला, दोन चमचे पाणी आणलं आणि मनगट सोलवटून पाटल्या काढल्या. छबुबाई पदराखाली हात धरून बसल्या. सराफानं पावतीबुक उघडलं आणि रिवाजाप्रमाणे समोरच्या पुरुषाला नाव विचारलं. गुरुजींनी आपलं सांगितलं. चेकही त्याच नावानं निघाला. बाईंचं बँकेत खातंच नव्हतं. यात काही चुकतंय असं त्या दुकानात कोणालाही वाटलं नाही.

पुढे गाळा दूध सोसायटीनं भाड्यानं घेतला. सेक्रेटरी माणिकराव कागदाला पक्के. खरेदीखतात दोन नावं, म्हणून दर महिन्याला दोन चेक. छबुबाईंनी खातं काढलं, सही शिकल्या. पुन्हा पाऊस दडी मारून बसला, सोसायटीत कॅनपेक्षा माश्या जास्त दिसू लागल्या, तरी महिन्यातून एकदा धुवट लुगडं नेसून त्या बँकेत जायच्या. बायकांचा मागचा रस्ता सोडून मुद्दाम चावडीवरून जायच्या.

मग गुरुजी टॅक्सचा फॉर्म भरायला बीडला वकिलाकडे गेले. पगार गुरुजींचा, भाडं मात्र निम्मं बाईंचं, म्हणून बाईही सोबत.

"बाईंचा हिस्सा कुठल्या पैशातून घेतला?" वकिलानं विचारलं.

"तिच्या पाटल्या मोडल्या."

"पावती?"

गुरुजींनी ती प्लॅस्टिकमध्ये घालून जपली होती. वकिलानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"गुरुजी, ह्यावर नाव तुमचं. गाळ्याचे पैसे तुमच्या खात्यातून. म्हणजे कायद्याला असं दिसतं की अर्धा गाळा तुम्ही बाईंना फुकट दिला. बाईंनी स्वतःच्या पैशानं घेतला असता तर निम्मं भाडं त्यांचं. नवऱ्यानं फुकट दिला, तर सगळं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं."

"अन् चेक माझ्या नावानं येतो, त्यो काहून?" छबुबाई म्हणाल्या.

"चेक कुणाच्याही नावानं येऊ द्या, बाई."

"साहेब, त्या पाटल्या ह्यांच्या हातात बसल्या असत्या का?"

"मला पटतंय. पण मला पटून उपयोग न्हाई."

परतताना दोघं केजला उतरले. सराफाला सगळं आठवत होतं. "साबण आमच्या घरचाच होता की," तो म्हणाला. जुन्या पावतीवर नाव बदलता येणार नाही, पण पाटल्या बाईंच्या होत्या असं त्यानं कागदावर लिहून, सही करून दिलं. पैसे घेतले नाहीत. वर चहा पाजला.

आठवड्यानं वकिलानं तो कागद उलटसुलट पाहिला.

"ह्याच्यावर तारीख आत्ताची. टॅक्स ऑफिसातले साहेब म्हणतील, टॅक्स वाचवायला आत्ता लिहून घेतलं."

"आत्ताच लिहून घेतलं," गुरुजी म्हणाले. गुरुजी खोटं बोलत नसत. त्याचाही इथं काही उपयोग नव्हता.

फॉर्म भरला गेला. त्यात छबुबाईंचं नाव एका ठिकाणी आलं, आणि ते गुरुजींनी घरी वाचून दाखवलं: नातं पत्नी, उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवलेलं.

छबुबाई सुपात ज्वारी निवडत होत्या.

"माझ्या भाड्यावर जेवढा टॅक्स बसला, त्यो तरी माझ्या खात्यातून भरा," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी माझं म्हणून लागू द्या."

गुरुजींनी वकिलाला फोन लावला. ऐकलं, हं हं केलं, फोन ठेवला.

"भरता येईल म्हणतो."

"मग भरा की."

"पण पावती माझ्याच नावानं फाटंल, म्हणतो."

छबुबाईंनी सूप झटकलं आणि रिकाम्या मनगटावरचा ज्वारीचा कोंडा पुसला.