आरोपी क्रमांक सात

बारा बायकांवरचा तो गुन्हा माझ्याच सहीने दाखल झाला होता. नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र जसंच्या तसं आठवतं.

तेव्हा मी नाशिक शहराच्या कडेला असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीत एका बाजूला सातपूरकडच्या कामगारांच्या वसाहती होत्या आणि दुसऱ्या बाजूला मळे. त्यामुळे ठाण्यात दोन प्रकारची माणसं येत. शिफ्ट सुटल्यावर भांडणारी आणि बांधावरून भांडणारी. मळ्यांच्या बाजूला फुलं पिकवणारं एक गाव होतं. गुलाब, शेवंती, झेंडू. गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि ज्या सरकारी खात्याशी हे प्रकरण निगडित आहे त्याचंही नाही.

त्या गावातून एक रुंद रस्ता आणि त्याला लागून ट्रक टर्मिनल होणार होतं. जमिनीची मोजणी व्हायची होती. एके दिवशी दुपारी त्या खात्याचा एक अधिकारी आपल्या मोजणी कर्मचाऱ्याला घेऊन ठाण्यात आला. कर्मचाऱ्याच्या उजव्या हाताला पट्टी होती. अधिकाऱ्याने टाइप केलेली तक्रार माझ्यासमोर ठेवली. मोजणी चालू असताना पन्नास-साठ बायकांचा जमाव धावून आला, दगडफेक केली, मोजणीचं यंत्र फोडलं, कर्मचाऱ्याला जखमी केलं. खाली बारा बायकांची पूर्ण नावं.

दखलपात्र गुन्हा होता. फिर्याद आली की गुन्हा दाखल करायचा, शहानिशा तपासात करायची, हा नियम. मी सही केली. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. विरोध होण्याची शक्यता असेल तर हे खातं आधी पोलीस बंदोबस्त मागत असे. त्या दिवशी मागितला नव्हता. पण कामाच्या गर्दीत माझ्या ते लक्षात आलं नाही, आणि बाराही जणींना प्रतिबंधक नोटिसा काढा असं मी ठाणे अंमलदाराला सांगून टाकलं. त्या नोटिसांवरही मी न वाचता सह्या केल्या.

तासाभरात वरिष्ठांचा फोन आला. "बायका आहेत म्हणून ढिलाई नको. हा प्रकल्प महत्त्वाचा आहे. पुढारी बाई कोण ते शोधा, बाकीच्या आपोआप गप्प होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी घटनास्थळ पंचनाम्याला गेलो. झेंडूचं वावर होतं. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, माती अजून ओली. पन्नास-साठ माणसं ओल्या वावरातून धावली तर सऱ्या मोडतात, रोपं आडवी होतात. इथे एक रोप मोडलेलं नव्हतं. पायांचे ठसे होते, पण ते सगळे बांधावर, आणि बसल्यावर गवत दबतं तसं बांधावरचं गवत दबलेलं. दगडही नव्हते. काळ्या मातीच्या मळ्यात दगड फेकायचा तर तो घरून आणावा लागतो. काचेचा, प्लॅस्टिकचा एक तुकडा सापडला नाही. पंचनाम्यात जे दिसलं ते लिहिलं. माझ्यासोबतचे हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "साहेब, लय शिस्तीचा जमाव होता म्हणायचा."

खबर त्याच हवालदारांनी आणली. मोजणीच्या पथकाला घेऊन गेलेली जीप भाड्याची होती आणि तिचा चालक त्यांच्या ओळखीचा निघाला. चहा पिताना तो बोलून गेला होता की मशीन गाडीतून खाली उतरवलंच नाही. जबाब द्यायला मात्र तो तयार नव्हता. "माझी गाडी त्याच ऑफिसला लावलेली आहे," म्हणाला. खबर खबरच राहिली. कागदावर काहीच नव्हतं.

त्याच सुमारास तो अधिकारी पुन्हा आला. या वेळी एकटा, आणि आवाज मऊ. "साहेब, आम्हालाही बायकांना जेलमध्ये टाकायची हौस नाही. त्यांनी जमिनीच्या संमतिपत्रावर सह्या केल्या तर आम्ही नरमाईचं बघू. तुम्ही एक शब्द टाका." वरिष्ठांनाही ही कल्पना पटलेली दिसली. मलाही ती तेव्हा वाईट वाटली नाही, हे कबूल करतो. बारा घरं कोर्टाच्या फेऱ्यांतून सुटतील, एवढाच विचार केला.

आरोपींच्या यादीत सहाव्या क्रमांकावर जी बाई होती तिला गावात सगळे आक्का म्हणत. वय पंचावन्नच्या आसपास, विधवा, सव्वा एकर फुलशेती. बाकीच्या तिच्या शब्दाबाहेर नाहीत, असं कळलं होतं. मी तिला ठाण्यात हजर राहण्याचा निरोप पाठवला. शिपाई हात हलवत परत आला. "येत नाही म्हणते साहेब. बाईला चौकशीला ठाण्यात बोलवता येत नाही, घरी या म्हणते."

मला राग आला. मग कायद्याचं पुस्तक काढलं. ती बरोबर होती. साक्षीला असो वा चौकशीला, बाईला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. इतक्या वर्षांत कुणी मला ते सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला नव्हतं.

महिला पोलीस नाईक बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. आक्का पडवीत शेवंती निवडत बसली होती. शेजारी तिची सून, हातात मोबाइल. आक्काने काम थांबवलं नाही. नाइकांना आणि मला सतरंजी दाखवली, पाणी दिलं.

"कायद्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"सुनंनं वाचून दाखवलं. त्या मोबाइलात समदं हाय म्हणते."

"दगड कुणी मारले?"

"कुणीच नाय. आमी बांधावर बसलो. म्हनलं, नोटीस दाखवा, मग मोजा. नोटीस नव्हती त्यांच्याकडं. तासभर गाडीत बसले अन् गेले."

"मग कर्मचाऱ्याच्या हाताला लागलं कसं?"

"ते त्यालाच इचारा. आला तवा पट्टी होतीच हाताला."

आता मी माझं पोलिसी काम बाजूला ठेवून दुसरंच काम सुरू केलं. सांगितलं, केस मोठी आहे, कलम कडक आहे, जामीन झाला तरी पाच-सहा वर्षं तारखा पडतील. पहाटे फुलं तोडायची की कोर्टात उभं राहायचं? त्यापेक्षा संमतिपत्रावर सह्या करा, पुढचं मी बघतो.

आक्काने हातातलं फूल पाटीत ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, तुमी पोलिसातले, का त्या ऑफिसातले?"

नाइकांनी मान खाली घातली. मग आक्काच उठली, आत गेली आणि मी काढलेल्या दोन नोटिसा घेऊन आली. "ही माझी. ही माझ्या सासूची. तिच्यावर तर फिर्यादीत मशीन फोडल्याचं लिवलंय म्हणं. तुमची सही हाय ना ही?"

"हो."

"सासूला जाऊन चार वर्सं झाली."

सून म्हणाली, "आणि मी सगळ्यांच्या पुढं बसले होते. त्या साहेबांशी बोलत होते तीही मीच. माझं नाव कुठंच नाही. असं कसं?"

सासूचा मृत्यूचा दाखला ट्रंकेतून निघाला. मी त्याची प्रत मागितली. आक्का म्हणाली, "प्रत देते. पन तुमी नेल्याचं लिवून द्या." मी लिहून दिलं. सही, हुद्दा, वेळ. त्या दिवशी सही करण्याआधी मी लिहिलेला प्रत्येक शब्द दोनदा वाचला.

मेलेली बाई आरोपी क्रमांक सात कशी झाली, हे शोधायला फार वेळ लागला नाही. सुनेच्या बोलण्यातच उत्तर होतं. जी पुढे बसली तिचं नाव नाही, जी जगातच नाही तिचं आहे. मग यादी जमाव पाहून केलेली नव्हती. मी प्रकल्पात जाणाऱ्या गटांचे सातबारा उतारे मागवले. फिर्यादीतली नावं आणि उताऱ्यांवरची बायकांची नावं शेजारी शेजारी ठेवली. तीच बारा नावं, त्याच क्रमाने. आक्काच्या नवऱ्यामागे तिच्याबरोबर सासूचंही नाव लागलं होतं आणि ती गेल्यावर वारस नोंद करायची राहिली होती. उताऱ्यावर एका बाईचं आडनाव चुकीचं छापलेलं होतं. फिर्यादीत तीच चूक उतरली होती. कोणाकडून सही हवी होती, त्यांचीच ती यादी होती.

आता मोजणी कर्मचाऱ्याला बोलावलं. तो हडकुळा, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेला माणूस. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. तो वर्षानुवर्षं दरडावणंच ऐकत आलेला असतो. मी त्याला बसायला सांगितलं, फिर्याद आणि उतारा असे दोन कागद समोर ठेवले आणि विचारलं, "यातल्या सातव्या बाईला तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं साहेब. तिनेच मशीनवर दगड घातला."

मी मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. त्याने तो वाचला. मग डोळे पुसले.

"हात गाडीच्या दारात सापडला होता, आदल्या दिवशी," तो म्हणाला. "मशीन आधीपासूनच बंद होतं. आमच्या साहेबांनी फिर्यादीवर सही कर म्हणून सांगितलं. पेन्शनचे कागद त्यांच्याच टेबलावरून जायचेत माझे."

त्याचा जबाब झाल्यावर जीपचालकही बोलला. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला धीर येतो. ही गोष्ट चोरांनाही लागू आहे आणि साक्षीदारांनाही.

मी सगळं केस डायरीत लिहून वरिष्ठांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "ठीक आहे. मेलेल्या बाईचं नाव वगळा. बाकी अकरा जणींवर चार्जशीट टाका. खरं-खोटं कोर्ट बघून घेईल."

हे वाक्य आमच्या खात्यात रोज बोललं जातं. मीही कितीदा बोललो असेन. त्या दिवशी मात्र ते वाक्य मला आक्काच्या पडवीतून ऐकू आलं. कोर्ट बघून घेईल म्हणजे बायकांनी सहा वर्षं तारखांना जायचं, घरचे पुरुष वैतागायचे आणि शेवटी एकेकीने सही करून मोकळं व्हायचं. तीन घरांत तशी कुरकुर सुरूही झाली होती, हे मला ठाऊक होतं. निकाल लागेपर्यंत ज्याला जे हवं ते मिळून गेलेलं असतं.

"सर, मी ब समरी पाठवतोय," मी म्हणालो. म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल.

"विचार करा."

"केलाय."

खरं तर पुरता केला नव्हता. मुलीचं बारावीचं वर्ष होतं, बदली झाली तर काय, हे घरी जाताना सुचलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून आलात ना? मग जेवून घ्या."

कोर्टाने अहवाल मंजूर केला. महिन्याच्या आत माझी कंट्रोल रूमला बदली झाली. कारण प्रशासकीय. खोटी फिर्याद रचणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाईचा प्रस्ताव मी पाठवला होता. त्याचं उत्तर मी निवृत्त होईपर्यंत आलं नाही. त्या कर्मचाऱ्याची पेन्शन मात्र वेळेवर सुरू झाली, असं हवालदारांनी पुढे कळवलं. बरं वाटलं.

गावाचं पुढे काय झालं? रीतसर नोटिसा निघाल्या. हरकती घेतल्या, सुनावणी झाली. ट्रक टर्मिनल दुसरीकडे हललं. रस्ता झाला. निवृत्तीनंतर मी गंगापूर रोडला राहायला आलो, तेव्हा एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. आक्काच्या सव्वा एकरातलं निम्म्याहून अधिक वावर आणि विहीर रस्त्याखाली गेली होती. यादीतल्या आठ जणींची जमीन पूर्ण वाचली होती. तिची वाचली नव्हती.

तिने मला ओळखलं. चहा झाला. मी विचारू नये ते विचारलं. "एवढं सगळं करून तुम्हाला काय मिळालं, आक्का?"

तिने रस्त्याकडे हात केला.

"इचारल्याबिगर नेली नाय," ती म्हणाली. "एवढं मिळालं. ते कमी हाय का?"

मी निवृत्त माणूस आहे, राजकारणावर बोलायचा मला अधिकार नाही. सरकार मनमानी करू लागलं तर साधा माणूस त्याला अडवू शकतो का, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की अडवताना मी पाहिलं आहे, आणि तेव्हा सरकारच्या बाजूला मी उभा होतो. त्या बायकांनी ना दगड उचलला, ना शिवी दिली. त्यांनी कागद मागितला आणि मिळेपर्यंत त्या बांधावरून उठल्या नाहीत. त्याची किंमतही त्यांनीच मोजली, सारखी वाटूनही नाही.

पण मला त्रास देते ती गोष्ट वेगळी आहे. हे प्रकरण उघडं पडलं ते फिर्याद लिहिणाऱ्याच्या आळसामुळे. त्याने उताऱ्यावरच्या बायका हयात आहेत का एवढं गावात विचारलं असतं, एक मेलेलं नाव गाळलं असतं, तर मी त्या अकरा बायकांवर चार्जशीट टाकलं असतं आणि शांत झोपलो असतो. त्याआधी सरकारी कामात अडथळा म्हणून मी किती गुन्हे दाखल केले, किती नोटिसांवर न वाचता सह्या केल्या, याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्या याद्यांमधली माणसं सगळी जिवंत होती. म्हणून त्या याद्या कुठून आल्या, हे मी कधी तपासलं नाही.