मक्याचा कोळसा

काळी पूड अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायची, खिडकीच्या उजेडात धरायची आणि म्हणायचं, "मत्तोम्मे नोडोण." पुन्हा एकदा बघू. धारवाडच्या आमच्या प्रयोगशाळेत दिवस सुरू व्हायचा तो अक्कांच्या या वाक्याने. त्यांच्या घरी मराठी, बाहेर कन्नड आणि प्रबंध इंग्रजीत. पण आशा धरायची झाली की अक्का कन्नडच बोलायच्या.

आम्हा संशोधकांत त्या सगळ्यांत मोठ्या. घर हुबळीला, वडील, म्हणजे अप्पा, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर. गल्लीतले लोक पदवीच्या आधीच त्यांना 'डॉक्टरबाई' म्हणत आणि ताप आला की औषधही विचारत. "आता निदान गोळीचं नाव तरी सांगते," अक्का म्हणायच्या, "पीएच.डी. झाली की तेही बंद."

आमचा विषय सुपरकॅपॅसिटर. झटक्यात भरणारा, झटक्यात वीज देणारा, बॅटरीचा भाऊबंद म्हणा. त्याच्या इलेक्ट्रोडसाठी कोणता पदार्थ निवडायचा, एवढाच प्रश्न. आणि त्या एवढ्याशा प्रश्नात माणसाची उमेदीची वर्षं निघून जातात. रुथेनियम उत्तम, पण त्याचा भाव ऐकूनच आमचे मार्गदर्शक सर चष्मा काढून ठेवायचे. मँगनीजचा ऑक्साइड स्वस्त, पण हळूहळू द्रावणात विरघळून जातो. निकेल-कोबाल्टचे आकडे झकास येतात, शोधनिबंध लगेच छापून येतो. आम्ही बहुतेक जण त्याच वाटेने गेलो.

"कोबाल्ट आपल्याला कोण देणार?" अक्का म्हणाल्या. "आपल्याकडे पिकतं काय, ते बघू."

आणि कलघटगीहून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन त्या बसने आल्या. कंडक्टरने विचारलं, "अक्का, घरी म्हैस आहे काय?" अक्का म्हणाल्या, "म्हैस नाही, कॅपॅसिटर आहे." "मग त्याचंही तिकीट काढा," म्हणाला.

कणसांचा कोळसा करायचा, पोटॅशमध्ये कालवून भट्टीत तापवायचा. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर वीज साठते. पहिले कितीतरी घाणे वाया गेले. मग एक घाणा असा उतरला की आम्ही सगळे मोजणीच्या मशीनभोवती गोळा झालो. साठा भरपूर, आणि हजारो वेळा भरून रिकामा केला तरी आलेखाची रेघ खाली येईना. सरांनी पेढे आणले. अक्कांनी अर्धाच खाल्ला. "मत्तोम्मे नोडोण. मग उरलेला."

त्या आठवड्यात त्यांना भट्टीच्याच आकड्याची शंका आली. त्यांनी मागे लागून मेकॅनिक बोलावला. आतला उष्णता मोजणारा भाग गंजलेला निघाला. भट्टी कित्येक महिने भलतंच तापमान दाखवत होती. नवा भाग बसला, भट्टी खरं बोलू लागली, आणि तो कोळसा परत कधीच आला नाही. चांगला घाणा नेमका किती उष्णतेवर झाला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

अक्का थोडं वर गेल्या, थोडं खाली आल्या. नवी पोती आणली, पुढच्या हंगामाचा मका आणला. भट्टीपुढच्या स्टुलावर बसून बसून त्यांच्या ओढणीच्या कडा करपल्या. रेघ यायची ती सामान्य. कुणाही कोळशाची येते तशी.

सर निवृत्तीला आले होते. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अहो, एक रीडिंग आहे ना तुमच्याकडे? तेच लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना, सर."

फेलोशिप आधीच संपली होती, पुढे प्रबंधाची मुदतही संपली. शेवटच्या दिवशी अक्कांनी एक घाणा मशीनला लावला, बोटांचा काळा रंग साबणाने घासून काढला आणि निकाल न बघताच निघाल्या. संध्याकाळी मी फोन केला. मागे बसचा गोंगाट होता.

"काय आलं?"

"नेहमीचंच, अक्का."

"बरं. अप्पांना मीच सांगते."

आता त्या हुबळीच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवतात. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या जागेवर निकेल-कोबाल्टवाले बसतात. मध्यंतरी अप्पांना मेंदूचा झटका आल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. म्हातारे खुर्चीत बसले होते. मी धारवाडची म्हटल्यावर चेहरा उजळला.

"आमच्या डॉक्टरची पदवी कधी हो?"

अक्काच म्हणाल्या, "नाही मिळाली अप्पा. सोडलं ते मी."

त्यांचा चेहरा एकदम पडला. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हसले. "तुम्ही धारवाडच्या ना? आमच्या डॉक्टरची पदवी कधी?"

स्वयंपाकघरात मी हळूच म्हटलं, "अक्का, 'पुढच्या महिन्यात' म्हणून टाका ना. त्यांना कुठे लक्षात राहणार आहे?"

"म्हणून बघितलं एकदा," अक्का म्हणाल्या. "नवा शर्ट घालून दारात बसले दिवसभर. अभिनंदनाला माणसं येतील म्हणून."

बाहेरून हाक आली. अक्कांनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि त्या बाहेर जाऊन अप्पांच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या. "नाही मिळाली, अप्पा," त्या म्हणाल्या. त्यांचा हात हातात घेऊन वाट बघत राहिल्या, त्यांना पुन्हा कळेपर्यंत.